न मिटलेली चौकट

सोमवार, ३ जून

आज मी दृश्यसंग्रहात रुजू झाले. सर स्वतः दारात उभे होते आणि मला पाहताच त्यांनी "आली माझी काटेकोर!" अशी हाक मारली. विद्यापीठात त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करताना मिळालेले हे विशेषण इतक्या वर्षांनी पुन्हा कानी पडले आणि प्रवासाचा सगळा शीण तेथेच उतरला. निवृत्तीनंतर सरांनी जुन्या छायाचित्रांचा हा संग्रह उभा केला. खाली संस्था, वर त्यांचे घर. घरातली बागेकडची खोली मला मिळाली आहे. खोली प्रसन्न आहे. पडदा एका बाजूने बोटभर खाली आला होता; तो उसवून पुन्हा शिवला.

संस्थेच्या जुन्या संकेतस्थळाची हजारो पाने, नाना हातांनी लिहिलेली, साफ करून नव्या संकेतस्थळावर न्यायची, हे माझे काम. त्यासाठी एक तयार सॉफ्टवेअर लायब्ररी वापरणार आहे. जेवताना सरांच्या पत्नीला, काकूंना, समजावून सांगितले: पानातला प्रत्येक मजकूर एका चौकटीत असतो, एक खूण चौकट उघडते, दुसरी मिटते. चौकटीत चौकटी असतात. लायब्ररी त्यांचे झाड मांडते: पालक, अपत्ये, भावंडे. काकू म्हणाल्या, मग ते घरच झालं की गं. फक्त त्यात भांडी कोण घासतं तेवढं सांग. सर मनापासून हसले. खालचा, अल्बमांच्या बांधणीचा विभाग काकूच सांभाळतात. त्यांना मूलबाळ नाही.

बुधवार, ५ जून

आहे, मूल नसले तरी भाची आहे. काकूंच्या बहिणीची मुलगी. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. पदवी अर्धवट सोडलेली. तरी संकेतस्थळाची पाने आजवर तीच लिहीत आली आहे. आणि काय ती पाने! ही मुलगी काहीच मिटत नाही: दारे, कपाटे, पेनाची टोपणे, बरणीची झाकणे. तिच्या मागून मी ते सारे मिटत फिरते. चौकटींचेही तेच. एखादी चौकट मिटायची राहिली, तर लायब्ररी चकार शब्द काढत नाही. खालचे सगळे त्याच चौकटीच्या पोटात आहे असे समजून चालते. पान दिसायला ठीक दिसते, आत मात्र शेजारी शेजाऱ्याच्या पोटात. मी सरांना हे दाखवले. ते म्हणाले, अगं असू दे, तिच्या हाताला माया आहे.

माया! खुणांमध्ये!

सोमवार, १० जून

काम वेगाने चालले आहे. प्रत्येक पान तपासते, न मिटलेल्या चौकटी मिटते, अनावश्यक ते मुळातून काढते. त्यासाठी लायब्ररीत एकच आज्ञा पुरते: दिलेली चौकट, तिच्या पोटातल्या सगळ्यासकट, नाहीशी. मी थेट मूळ पानावरच काम करते. कचऱ्याची प्रत जपणे मला कधी पटले नाही.

वाचनकक्षाच्या पानावर भिंतीवरच्या गोल घड्याळाचे एक लुकलुकणारे चित्र होते. इतके बेंगरूळ, की तत्काळ काढले.

बुधवार, १२ जून

वाचनकक्षात घड्याळ नाही. भिंतीवर खिळ्याची खूणही नाही. काल मी काकूंना वेळ विचारली तेव्हा ते समोर टिकटिकत होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, इथे कुठलं आलंय घड्याळ? मला वाटले थट्टा करतात. भिंगरी आज शपथेवर सांगते, या भिंतीवर कधीच काही नव्हते.

शुक्रवार, १४ जून

मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढीत नाही. त्याच पानावर भिंगरीच्या लाडक्या वेताच्या खुर्चीचे छायाचित्र होते. काल ते काढले. आज सकाळी खुर्ची जागेवर होती, पण मी तिच्याविषयी बोलताच भिंगरी गोंधळली: "कसली खुर्ची, ताई?" तिचा हात त्या खुर्चीच्याच पाठीवर होता. दुपारी ती लोखंडी स्टुलावर बसून गुणगुणत होती. वेताची खुर्ची कोठेच नव्हती.

म्हणजे आधी आठवण जाते, मग वस्तू.

भीती वाटायला हवी होती. मला वाटले, कोणीतरी अखेर माझे काम गंभीरपणे घेतले.

मंगळवार, १८ जून

सरांनी सर्वांसमोर जाहीर केले: नव्या संकेतस्थळाची संपादक भिंगरी. मी "तांत्रिक बाजू" पाहीन. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझ्या कामात चूक सापडत नाही गं, पण पान वाचल्यावर कुणाला भेटल्यासारखं वाटत नाही. त्यांच्या देखरेखीखाली मी पाच वर्षे झिजले. हिने काय केले? जन्माला येताना नाते घेऊन आली.

वर ती मलाच मिठी मारायला धावली. 'आमची माणसं' या पानावर तळाशी तिने माझा परिचय जोडला आहे म्हणे. "एकदम झकास लिहिलंय, ताई, वाचा ना!" मी मान हलवली. वाचला नाही. तेवढे एक पान मी अजून तपासलेले नाही. तिने रोज काहीतरी खुडबुड केलेले ते पान, आणि त्यावर तिच्याविषयी सरांनी लिहिलेला परिच्छेद. तो मी एकदाच ओझरता पाहिला. 'आमच्या घराची उघडी खिडकी.' पुढे वाचवले नाही.

गुरुवार, २० जून

केले.

पान डोळ्यांसमोर न आणता, तिच्या चौकटीचे नाव देऊन आज्ञा दिली. एक ओळ. संपूर्ण संकेतस्थळावरची सर्वात नेटकी ओळ.

शुक्रवार, २१ जून

भिंगरी आली, टेबलाशी उभी राहिली. सरांनी नजर वर केली आणि कोण पाहिजे म्हणून विचारले. तिला वाटले चेष्टा, "काका, पुरे हां!" म्हणाली. ते हसले नाहीत. काकूंनी तिला पाणी दिले, परक्या माणसाला देतात तसे. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी स्क्रीनकडे.

दुपारनंतर ती दिसली नाही. घरातले एकही दार उघडे नव्हते. सरांनी माझे पान वाचले आणि अप्रतिम म्हणाले. अप्रतिम!

रविवार, २३ जून

सकाळी सरांनी एकट्यापुरता चहा केला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सरांनी त्यांना आदराने विचारले, आपण संस्था पाहायला आलात का? ती खाली आहे.

काकू आधी रागावल्या. मग रडल्या. मी पळत खाली गेले. गुरुवारच्या कामाचा माग अजून स्क्रीनवर होता. काढलेल्या चौकटींची मांडणी. वाचली. भिंगरीची चौकट. तिच्या पोटात काकूंची. तिच्याही आत, अगदी तळाशी —

तिने स्वतःची चौकट मिटलीच नव्हती. खालचे सगळे तिच्या पोटात होते. मी एकदा, फक्त एकदा, ते पान नीट पाहिले असते तर —

पानावर सर तिच्या वर आहेत. सर तेवढे राहिले आहेत.

सोमवार, २४ जून

काकू नाहीत. बांधणी विभागाच्या जागी कोरी भिंत. त्यांची चौकट पुन्हा लिहायला बसले. काय लिहू? चेहरा आठवत नाही. भांड्यांविषयी काहीतरी गमतीने म्हणाल्या होत्या — वर लिहिले आहे, ते वाचते, पण आवाज येत नाही.

या वहीच्या मागच्या पानांत कोणी भिंगरी आहे. अक्षर माझेच. मला तिचा इतका राग का होता? कोण होती ती?

मंगळवार, २५ जून

माझा परिचय मीच लिहायचा ठरवले. संगणक म्हणतो, या नावाचे कोणी नाही. पुन्हा. पुन्हा. चूक नाही. मी अक्षर चुकत नाही.

खोलीतला पडदा खाली आला आहे. बोटभर. मी शिवला होता ना?

सरांना जिन्यात गाठले. सांगितले, मी, तुमची काटेकोर. ते सौजन्याने थांबले. म्हणाले, माफ करा, मी कधी कुणाला पीएच.डी.साठी घेतलं नाही. राहूनच गेलं ते.

बुधवार

आज सरांनी हाक ऐकली नाही. समोर उभी होते. ते माझ्या आरपार खिडकी पाहत होते.

मला सगळे दिसते. ते खोलीखोलीतून फिरतात. कपाट उघडतात, मिटत नाहीत. बरणीचे झाकण काढून तसेच ठेवतात. खिडकी उघडतात आणि हसतात, कोणी येणार असल्यासारखे. त्यांना तिची आठवण नाही, तरी — तिच्यासाठी — काही नसताना तिच्यासाठी —

आणि माझ्यासाठी? माझी एखादी सवय? एखादे मिटलेले दार, एखादी सरळ रेघ, काहीतरी —

पेन हातात राहत नाही. अक्षर फिके —

पावले. माझ्या दाराशी. त्यांनी दार उघडले आहे. आत पाहताहेत. नुसती खोली पाहताहेत. सर, इकडे — एकदाच ते विशेषण — दार उघडेच टाकून ते वळले आणि मी नेहमीसारखी उठून ते मिट