कठड्याच्या आत

माण, रविवार

प्रिय आई,

जय येशू. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आधी खाली बस, मग पुढचं वाच. आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियनची पवित्र भाकर द्यायचं काम इथल्या फादरांनी आम्हा दोघा प्रापंचिकांवर, झगा नसलेल्यांवर सोपवलंय. मी म्हटलं, "फादर, मी दिवसभर कीबोर्ड बडवणारी बाई!" ते नुसते हसले.

आज एसटीनं कोळवणला गेले. एक म्हातारे गृहस्थ अंथरुणावर आहेत, एवढंच सांगितलं होतं. पाहते तर आपल्या गावचे जुने फादर बर्नार्ड! भाच्याकडे असतात. लकव्यानं दोन्ही हात गेलेत.

फुलं ठेवायला तू वेदीच्या कठड्याआत गेलीस, तेव्हा भर चर्चमध्ये हेच ओरडले होते ना, "प्रापंचिकांनी बाहेर!"

मी कोणाची मुलगी ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग डोळे मिटून लहान मुलासारखं तोंड उघडलं. मी माझ्या हातानं त्यांच्या जिभेवर भाकर ठेवली.

कठडा काढून किती वर्षं झाली, आई. तू अजून फुलं बाहेरूनच देतेस. येत्या रविवारी आत जा.

तुझी हादरलेली,
शर्लिन