आईची फिल्म मी कुठे कापली

ऑकलंड, १४ मार्च

प्रिय मानासे,

परवा तुझा फोन आला आणि मी "बसमध्ये आहे रे, नंतर बोलते" म्हणून ठेवून दिला. मी बसमध्ये नव्हते. सेइनी मावशीच्या स्वयंपाकघरात अळूची पानं निवडत बसले होते. मावशीने ऐकलं आणि म्हणाली, "भावाशी खोटं बोलतेस ते बोल, पानं तरी नीट निवड." तुझ्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलत नव्हते, हे तिला कुठून कळणार. तू हे पत्र बहुतेक जेवणाच्या सुट्टीत द्राक्षांच्या मळ्यातच वाचशील. सोबतच्या पोरांना वाचून दाखवू नकोस. जरा बाजूला जाऊन एकटा बस.

आधी माझ्या शिक्षणाचं सांगते. "तू तिथे नक्की करतेस काय?" असं तू दरवेळी विचारतोस आणि मी हसण्यावारी नेते. आपल्या बेटावर बहीणभाऊ एका खोलीत बसून सिनेमा बघत नाहीत. मी आत आले की तू उठून बाहेर जायचास आणि दुसऱ्या दिवशी आईला विचारायचास, शेवटी काय झालं. आई प्रत्येक सिनेमाचा शेवट बदलून सांगायची. तिच्या शेवटात कोणीच मरायचं नाही. त्यामुळे सिनेमाबद्दल तुझ्याशी बोलायची सवयच लागली नाही मला.

इथे पहिल्या वर्षी हॅस्केल बाईंनी आम्हाला नुसत्या शॉर्टफिल्म दाखवल्या. दहा मिनिटांच्या, बारा मिनिटांच्या, जगभरातल्या. त्यातली एक कुठल्याशा बर्फाच्या देशातली होती. एक म्हातारी आपल्याकडे पाठ करून भांडी घासतेय. अकरा मिनिटं तेवढंच. कॅमेरा हलत नाही, कोणी बोलत नाही, गाणं नाही, बजावणं नाही. नवव्या मिनिटाला तिचा हात थांबतो आणि हातात ताटली धरून ती मिनिटभर नुसती उभी राहते. मग पुन्हा घासायला लागते. वर्गातली अर्धी पोरं पेंगत होती. मी मात्र रडले. आईला मी जन्मभर तशीच पाहिली होती, पाठमोरी, वाकलेली. ते बघत बसण्यासारखं असतं असं कोणी म्हटलंच नव्हतं कधी. ती फिल्म मी सतरा वेळा पाहिली. त्या एका मिनिटावर आमच्या वर्गात दोन तास चर्चा झाली होती.

मग मी तशाच फिल्म करायला लागले. पहिलीत मावशीला मोरीपाशी उभं केलं, भांडी घासायला, पाठमोरी. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "काय गं, माझं तोंड एवढं वाईट आहे?" ते मी कापून टाकलं. दुसरी, बोटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याची. तीसुद्धा वर्गात पाहिलेल्या दुसऱ्याच एका फिल्मवरून उचललेली. हॅस्केल बाईंनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "चांगली आहे, लोसेली. पण ही मी आधी पाहिलेली आहे. तू कुठे आहेस यात?" मला राग आला. मी म्हटलं, करणारीने दिसायचंच नसतं. कपाटाच्या दारावर मी नियम लिहून चिकटवले होते: कॅमेरा हलवायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, चौकटीत पाय टाकायचा नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं बरं का. दुसऱ्यांच्या फिल्म बघून मीच काढलेले नियम.

ते नियम घेऊन मी सव्वा वर्षापूर्वी, नाताळात, गावी लेइमातुआला आले. तू तेव्हा मिल्डुराच्या मळ्यात होतास. ठरवलं होतं की आईवर फिल्म करायची, ती झाडाची साल ठोकून कापड करताना. बाकीच्या बायका त्या दिवशी चर्चची साफसफाई करायला गेल्या होत्या, कापड ठोकायच्या शेडमध्ये आई एकटीच. मला तशीच हवी होती. "थांब, केस तरी विंचरू दे," म्हणाली. मी म्हटलं, नको, आहेस तशीच बस. माझ्याकडे बघायचं नाही, माझ्याशी बोलायचं नाही, मी इथे नाहीच असं समज. "अगं, मग कुठे गेलीस?" म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसली. मग मोगरी उचलली. तो आवाज तुला माहीत आहे. आपण त्या आवाजावर झोपायचो, उठायचो.

आता पुढचं सांगते. चौदाव्या मिनिटाला तिचा हात थांबला. मोगरी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "लोसेली, हा हात बघ गं. ऐकतच नाहीये माझं." मानासे, मी काय केलं सांगू? कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला आहे ना, ते पाहिलं. मनात आलं, हेच ते. त्या बर्फातल्या म्हातारीचं ते मिनिट, ते आज माझ्या वाट्याला आलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली. जीभ जड झाली होती तिची, शब्द घसरत होते. ते मी ऐकलं. आणि मी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण केली. तिने मान हलवली. "बरं, बरं," म्हणाली, "तुझं होऊ दे आधी." मग तिने डाव्या हातात मोगरी घेतली आणि सालीवर वेडेवाकडे तीन-चार घाव घातले. माझ्यासाठी. त्यानंतर ती एका बाजूला कलंडली, तेव्हा कुठे मी धावले. माझा पाय लागून कॅमेरा पडला, पण तो चालूच राहिला. नंतर मी वेळ मोजली. पहिल्या हाकेपासून मी उठेपर्यंत चार मिनिटं गेली होती.

नऊ दिवसांनी ती गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, इतका मोठा झटका होता की थोडं आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. पण ओठांवरच्या बोटाचं त्यांना मी सांगितलंच नव्हतं. कोणालाच नाही. सगळ्यांना एवढंच सांगितलं, हात थांबला आणि मी धावले. तू आलास, कमरेला सुतकाची फाटकी चटई बांधून थडग्यापाशी उभा राहिलास आणि सगळ्या गावासमोर मला म्हणालास, "बरं झालं ताई, तू होतीस. मी असतो तर मला कळलंही नसतं." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने.

इथे परत आल्यावर दोन महिने मी त्या चित्रणाला हात लावला नाही. मग लावला. मोगरी वर गेली आहे, खाली यायची आहे, तिथे कापलं. हाताचं, हाकांचं काही ठेवलं नाही. लोक म्हणाले, काय संयमी शेवट आहे! हॅस्केल बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "आता तू दिसतेस यात." गेल्या ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांच्या महोत्सवात तिला बक्षीस मिळालं, तुला फोटो पाठवला होता तो तेव्हाचा. स्टेजवर मी ज्या फिल्मांकडून शिकले त्यांचे आभार मानले, आणि खाली उतरून तो फोटो काढून घेतला.

मग मी त्या फिल्मलाच शिव्या घालायला लागले. वाटायचं, ती म्हातारी पाहिली नसती तर मी पहिल्या हाकेला उठले असते. गेल्या महिन्यात ती फिल्म पुन्हा लावली, अठराव्यांदा, आणि या वेळी शेवटची नावंसुद्धा वाचली. ती म्हातारी नटी आहे. तिचे केस करणारीचं नाव आहे, चहा देणाऱ्याचंही आहे. पंचवीस-तीस माणसं त्या कॅमेऱ्यामागे उभी होती. तिचा हात खरोखर लुळा पडला असता तर सगळी धावली असती, आणि फिल्म गेली असती खड्ड्यात. त्या फिल्मचा काही दोष नाही रे. मी तिच्यातली शांतता तेवढी उचलली. ती शांतता कोणी, कशी सांभाळली होती, हे बघायचं राहूनच गेलं. महोत्सवाला मी आता कळवलं आहे की माझी फिल्म यापुढे दाखवू नका. कारण विचारलं, ते दिलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

आणि आता परवाच्या फोनचं. मुलगी झाली म्हणालास, सेला आणि बाळ दोघी सुखरूप आहेत, बाळाचं कपाळ आईसारखं आहे. मला इतका आनंद झाला की पान हातातच चुरगळलं. मग म्हणालास, "आत्या तू, नाव तूच ठेवायचंस. आईचा हात जिने धरला होता तिच्या तोंडून माझ्या लेकीला नाव मिळू दे." तिथे मी बसचं खोटं बोलले. मानासे, आईचा हात मी धरला, पण तिने दोनदा बोलावल्यावर, तिला गप्प केल्यावर. हे लपवून त्या पोरीच्या कपाळाला मी हात लावू शकत नाही. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, त्यात सगळं चित्रण आहे, एक क्षणही न कापलेलं. बघ किंवा बघू नकोस. कॅमेरा पडल्यानंतर चित्र दिसत नाही, नुसतं गवत आहे, पण आवाज आहेत. मी तिला हाका मारतेय आणि ती एकदा "ओ" म्हणते, ते तुझ्या हक्काचं आहे. नाव दुसऱ्या कोणाकडून ठेवून घेतलंस तर मी गावासमोर एक शब्द काढणार नाही, बाळासाठी चटई विणून पाठवीन. एक नाव माझ्या मनात आहे. पण तू हे सगळं कळल्यावर पुन्हा विचारलंस, तरच ते मी उच्चारीन.

तुझीच बहीण,
लोसेली