फायनल दुपारीच झाली पाहिजे

३ मार्च, रात्री
क्लबच्या कमिटीची मीटिंग. साडू उठला आणि म्हणाला की यंदाची फुटबॉल फायनल रात्री फ्लडलाइटमध्ये घेऊ. पुलाच्या कामावरचे लाइट सध्या रिकामे पडलेत, टॉवरही तोच उभे करून देईल. टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या, पण हळू. इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टरला दुसरं सुचणार तरी काय?
बारा वर्षं मी दुपारी तीनच्या उन्हात या फायनलची कॉमेंट्री करतोय. माझ्यासाठी एक टाळी नाही. अर्थात मला टाळ्यांची हाव नाही.
निश्चय: विरोध करायचा. निव्वळ तत्त्वासाठी. साडू थोरला जावई आहे आणि सासूबाईंकडे पहिला चहा त्याच्यापुढे येतो, याच्याशी या विरोधाचा काडीचा संबंध नाही.

४ मार्च
हिला सांगितलं. ही माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. किती वाजता म्हणून विचारलं. साडेसात. मग वार विचारला. म्हटलं, रविवार, नेहमीसारखा. मग म्हणते, रात्री ग्राउंडवर गारठा असतो का? मी सांगितलं की प्रश्न गारठ्याचा नाही, डोळ्यांचा आहे, आणि डोळ्यांबद्दल बोलायचा अधिकार ज्याचं चष्म्याचं दुकान आहे त्याच्याइतका कोणालाच नाही. यावर नुसतं हं. आणि इस्त्री करता करता चक्क गुणगुणायला लागली.
दाजींचं, म्हणजे आमच्या साडूचं, नाव निघायचा अवकाश!

७ मार्च
दुकानाच्या काचेवर बोर्ड लावला: ‘रात्रीचा प्रखर प्रकाश डोळ्यांना घातक.’ दुपारपर्यंत तीन जण आत आले. फ्लडलाइटसाठी कुठला गॉगल चांगला, असं विचारत होते. त्यांना समजावून सांगायचा खूप प्रयत्न केला. शेवटी नाइलाजाने तीन गॉगल विकले.
संध्याकाळी बोर्ड जरा मोठ्या अक्षरात केला.

९ मार्च, रविवार
रविवारी हिची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्युटी, पाचपर्यंत. सुट्टी बुधवारी. म्हणजे रविवारी मला गार जेवण. बारा फायनलींची कॉमेंट्री मी गार जेवून केली आहे, हे कोणाला माहीत आहे का? पण साडूने दोन बल्ब लावले की त्याचा केवढा त्याग!

१० मार्च
लोकमत आजमावायला सुरुवात. गिऱ्हाइकाला तपासणीच्या खुर्चीत बसवलं की आपण विचारतोच, ही काच बरी की ही? त्याच ओघात विचारून टाकतो, फायनल दिवसा बरी की रात्री? एका आजोबांनी दोन्ही सारखंच दिसतंय म्हणून सांगितलं. एक बाई म्हणाल्या, डोळ्यांत औषध घातलंय, तासाभराने सांगते. एका मास्तरांनी रात्री म्हटलं. त्यांचा नंबर वाढलेला निघाला, म्हणून ते मत बाद.
एकंदरीत कौल दिवसाच्या बाजूने.

१४ मार्च, संध्याकाळ
लाइटची ट्रायल. किडे किती येतात ते बघायला गेलो. भरपूर येतात. हेच मी अध्यक्षांना सांगत होतो, तेवढ्यात एक तोंडात गेला.
अख्खं गाव लोटलं होतं. साडूने बटण दाबलं आणि सगळे आ वासून वर बघत बसले. उजेडाचं कसलं कौतुक? मी बारा वर्षं ज्या उन्हात बोललो ते काय कमी उजेडाचं होतं? ही आणि थोरली मेव्हणी कॉमेंट्रीच्या टेबलाजवळ उभ्या. साडू हिला काहीतरी सांगत होता, ही हसत होती. इतकी मनमोकळी हसताना मी हिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. मी तोंड फिरवून दोनदा थुंकलो. कारण अर्थात किडा.
घरी येताना ही विचारते, कॉमेंट्रीवाला बसतो त्याच्या समोरच्या बाकावरून नीट ऐकू येतं का? म्हटलं, लाउडस्पीकर आहे, बसस्टँडवरसुद्धा ऐकू येतं. बारा वर्षांत ही कधी फिरकली नाही, आता बाक विचारते. हे दाजींचे लाइट बघायला.

१६ मार्च
कमिटीत मतदान. मी वीस मिनिटं बोललो. खेळ हा सूर्याखाली शोभतो, रात्र झोपेसाठी असते वगैरे. सगळे भारावून घड्याळाकडे बघत होते. मग अध्यक्षांनी नको तो विषय काढला. म्हणे गेल्या वर्षी ऊन डोळ्यांवर आल्यामुळे डेपोच्या टीमचा गोल मी मार्केटच्या टीमच्या नावावर जाहीर केला आणि मार्केटवाले फटाके लावून बसले. हा दोष उन्हाचा नाही, मार्केटवाल्यांच्या उतावळेपणाचा आहे.
निकाल: माझ्याशिवाय सगळे रात्रीच्या बाजूने. म्हणजे एकमत झालं नाही! नैतिक विजय माझा.
माझ्या पोटात दुखतंय असं खजिनदार बाहेर कुजबुजला म्हणे. मी दिवसातून दोनदा कोमट पाणी पितो, माझं पोट उत्तम आहे.

१७ मार्च
कॉमेंट्रीचा राजीनामा दिला. बघू आता. माइकशिवाय फायनल म्हणजे नाकाशिवाय चष्मा. संध्याकाळपर्यंत अख्खी कमिटी हातापाया पडत येईल. खुर्च्या कमी पडतील म्हणून शेजारून दोन आणून ठेवल्या.

१९ मार्च
कोणी आलं नाही. शेजाऱ्यांना खुर्च्या परत केल्या.

२० मार्च
साडू आला. एकटाच. म्हणाला, झालं गेलं विसरा, खुर्ची तुमचीच आहे. मी नाही म्हटलं. पुन्हा म्हणाला. पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हाही ताठ राहिलो. चौथ्यांदा हो म्हणायचं मनाशी पक्कं होतं. चौथ्यांदा त्याने विचारलंच नाही. चहा संपवला आणि उठला. माणसात चिकाटी म्हणून नाही!
तो गेल्यावर ही स्वयंपाकघरातून आली. म्हणजे तुम्ही बोलणारच नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. ही म्हणाली, अहो पण या वेळी रात्री आहे ना, आणि वाक्य अर्धवट सोडून आत गेली. भांडी मात्र जोरात घासली.

२३ मार्च, रविवार
पाच वाजता ही ड्युटीवरून आली. आंघोळ केली, निळी शाल काढली. मला एकदाच विचारलं, येताय का. म्हटलं, डोकं दुखतंय. गेली. आपला नवरा आजारी असताना दाजींच्या लाइटसाठी बाई शाल घेऊन निघते! जग कुठे चाललंय?
मी गच्चीवर. तिकडे आभाळ पांढरंफटक झालेलं. माइकवर साडू. आयत्या बिळावर नागोबा! आणि बोलणं काय, तर आता बॉल इकडे आला, आता तिकडे गेला. मध्येच म्हणाला, आमचे साडू येतीलच, त्यांची खुर्ची राखून ठेवली आहे. भर सभेत टोमणा! दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मी पाण्याच्या टाकीसमोर उभा राहून खरी कॉमेंट्री कशी असते ते करून दाखवलं. अप्रतिम झाली.
हाफटाइमला तिसऱ्यांदा म्हणाला, साडू, जिथे असाल तिथून या. एकवार वाटलं, जावं. चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलोसुद्धा. तेवढ्यात तिकडे टाळ्या पडल्या. त्याला पडल्या असणार, दुसरं कोणाला पडणार? परत फिरलो.
सेकंड हाफमध्ये त्याने पुन्हा बोलावलं नाही.
ही साडेनऊला आली. कोण जिंकलं विचारलं, तर म्हणाली लक्ष नव्हतं. वाढलं आणि न जेवताच झोपली. दाजींची कॉमेंट्री पडली म्हणून हिरमुसली असणार.

२४ मार्च
साडू दुकानात. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू निघाला होता. बसवत होतो. तेवढ्यात तो म्हणाला की काल काही मजा आली नाही, आपल्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, मग रात्रीच्या फायनलची हौस कोणी सांगितली होती?
तर म्हणाला, तुमच्या मंडळींनी. जानेवारीत त्याच्या घरी गेली होती म्हणे. त्याला म्हणाली, दाजी, यांची कॉमेंट्री लॅबमधले पेशंट वाखाणतात, पण रविवारी दुपारी माझी ड्युटी, बारा वर्षांत एकदाही ऐकली नाही, एखादी फायनल संध्याकाळनंतर होईल असं काही करता येईल का? यांना मात्र सांगू नका, मी अचानक समोरच्या बाकावर दिसले पाहिजे. काल खुर्ची राखून बसली होती तीच. शाल अंथरून. तुमचं नाव पुकारायला मला तीच सांगत होती. सेकंड हाफ सुरू झाला तेव्हा म्हणाली, राहू द्या दाजी.
स्क्रू हातातून पडला. शोधायला काउंटरखाली वाकलो. सापडला लगेच, पण जरा वेळ तिथेच बसून राहिलो.
घरी आलो तेव्हा बोलायचं बरंच ठरवलं होतं. प्रत्यक्षात आमटी चांगली झाली आहे, एवढंच म्हटलं.

२६ मार्च, बुधवार
निश्चय: पुढच्या वर्षी फायनल रात्रीच घ्यायची. मी सगळ्यांना पटवून देईन. मुळात माझा रात्रीला विरोध कधीच नव्हता, फक्त किड्यांना होता. सकाळी हिच्यासाठी मीच चहा केला. पुढच्या वर्षी असं बोलेन की समोरच्या बाकावरची माणसं उठायचीच नाहीत. ही थोडी हसल्यासारखी वाटली.
दुपारी अध्यक्षांचा फोन. फार आदराने बोलले. म्हणाले, तुमच्याशिवाय फायनल अळणी झाली, आमचं चुकलं. काल कमिटी बसली. साडूंचे लाइटही आता दुसऱ्या पुलावर जातायत. तेव्हा तुमचा शब्द प्रमाण मानून एकमताने ठराव केलाय, नियमावलीत कायमचा घातलाय. यापुढे क्लबची प्रत्येक फायनल दुपारी तीन वाजता, उन्हात. कॉमेंट्रीला तहहयात तुम्हीच.
मी नाही म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी आधीच अभिनंदन केलं आणि फोन ठेवला.
ही घरातच होती, सुट्टीची. निळी शाल धुऊन घडी घालत होती. कोणाचा फोन म्हणून विचारलं. मी सांगितलं, पुढच्या वर्षीपासून दुपारी तीन.
या वेळी हिने वार विचारला नाही.