माझा बडी येतोय

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

पोचलो. खोली डाइव्हिंगच्या दुकानाच्या वरच आहे. खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे समोरच्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडून थोडा दिसतो. खोलीत पलंग दोन, खुर्ची एक. दुसऱ्या पलंगावर मी काहीही ठेवलेलं नाही. तो चिरंजीवांचा.

बेत पक्का. चिरंजीव गुरुवारी सकाळी येणार. पहिला डाइव्ह उथळ पाण्यात, हात साफ करायला. दुसरा बुडालेल्या मालवाहू होडीचा. तिसरा खोल कड्याचा, माझं सर्टिफिकेट परवानगी देईल तिथपर्यंत. कागद प्लास्टिकमध्ये घालून आणलाय, भिजला तरी चालेल.

माणसाने रिटायर झाल्यावर शिकू नये असं कुठे लिहिलंय? आयुष्यभर मोटारपंप दुरुस्त केले. पाणी वर कसं आणायचं ते ठाऊक होतं, आता पाण्यात खाली कसं जायचं ते शिकलो. पोहणं आधी पुस्तक वाचून, मग तलावात. पुस्तकात सोपं होतं.

सर्टिफिकेटवरचा फोटो खराब आलाय. घाबरल्यासारखा दिसतो. उजेड डोळ्यावर होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

दुकानाच्या मालकीणबाईंना भेटलो. कडक बाई. पहिला प्रश्न, बडी कोण? पाण्याखाली कुणी एकट्याने जायचं नाही, दोघांनी जोडीने जायचं, एकमेकांची हवा बघायची, हा पहिला नियम. जोडीदार म्हणजे बडी. हे मला माहीत होतंच, तरी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, माझा बडी येतोय, गुरुवारी, मोठा पाणबुड्या आहे तो, त्याच्या फोनवर कासवासोबतचा फोटो आहे. बाई म्हणाल्या, मग तोवर रिकामे कशाला बसता, या नर्सबाईही एकट्याच आल्यात, जोडी लावून देते.

नर्सबाई म्हणजे रिटायर्ड नर्स. केस बारीक कापलेले, आवाज वॉर्डातला. मी नम्रपणे नकार दिला. पहिला खरा डाइव्ह बडीसोबतच करायचा असं ठरलेलं आहे. माझं ठरलेलं आहे. त्यांनी विचारलं, करत काय होतात? सांगितलं. म्हणाल्या, बरं, पंपवाले, जशी तुमची मर्जी.

संध्याकाळी सराव. पाण्यात उतरण्याआधी दोघांनी एकमेकांची तपासणी करायची असते. जॅकेटमध्ये हवा भरते का, वजनाचा पट्टा नीट आहे का, बकलं सुटतात का, सिलिंडर उघडा आहे का. खुर्चीला दुकानातून आणलेलं जॅकेट घातलं आणि तपासणी केली. खुर्ची सर्व बाबतींत तयार आढळली.

ठराव: तिसरा चहा बंद. पहाटे व्यायाम.

५ फेब्रुवारी, बुधवार.

व्यायाम केला नाही. प्रवासाचा शीण अंगात असताना व्यायाम करणं घातक, असं कुठेतरी वाचलंय.

चिरंजीवांचा मेसेज. ऑफिसात अडकला, शनिवारी नक्की येतो. बरंच झालं. गुरुवारी फार घाई झाली असती, मला इथलं पाणी समजून घ्यायला वेळ हवाच होता. बेत नव्याने लिहिला. प्लास्टिक फाडावं लागलं.

त्याला लिहिलं, काही हरकत नाही, मी मजेत आहे. त्याने अंगठा पाठवला.

तिसरा चहा घेतला. उद्यापासून बंद.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

मालकीणबाई म्हणाल्या, नुसतं बोटीत तरी चला. गेलो. निरीक्षक म्हणून.

बोटीत माझ्यावर महत्त्वाची जबाबदारी सोपवण्यात आली. सगळ्यांच्या चपला, चष्मे, फोन. सगळे एकामागून एक उलटे पाण्यात पडले आणि बोटीत मी, बोटवाला आणि चपला राहिलो. बोटवाला झोपला. चपला जोडीने लावून ठेवल्या. जोडीने लावल्या की बऱ्या दिसतात.

नर्सबाई वर आल्या त्या हसतच. कासव दिसलं म्हणे, अगदी इतक्या जवळ. मी त्यांना कासवांबद्दल बरीच माहिती सांगितली. ऐकून घेतली आणि म्हणाल्या, पंपवाले, तुम्ही पाहिलंय का कधी? म्हटलं, शनिवारी पाहणार आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

आरशासमोर खुणांचा सराव. पाण्याखाली बोलता येत नाही, हातानेच सगळं. अंगठा आणि बोटाचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. पंजा आडवा हलवायचा म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि मग बोट दाखवायचं, कुठे ते. तळहातावर दोन बोटं म्हणजे हवा किती उरली. दोन्ही तर्जन्या शेजारीशेजारी म्हणजे माझ्यासोबत राहा.

ही विद्या कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो, पण माणूस हुशार होता. एवढ्या चारपाच खुणांत सगळं आलं. आणखी बोलायचं तरी काय असतं?

आमच्याकडे फोन हिचा. ही आणि चिरंजीव बोलत बसायचे. भाजी जळायची तरी बोलायचे. शेवटी फोन माझ्याकडे यायचा. मी विचारायचो, जेवलास का? तो म्हणायचा, हो, तुम्ही? मी म्हणायचो, हो, बरं, देतो आईला. चोख व्यवहार. कुणाची काही तक्रार नव्हती.

ही गेल्यापासून फोन थेट माझ्याकडेच येतो. जेवलास का, हो, तुम्ही, हो, बरं. आणि मग 'देतो आईला' म्हणायची सोय नाही. मग दोघंही फोन कानाला लावून उभे. तिकडचा पंखा ऐकू येतो. एकदा मी त्याला पंख्याचं बेअरिंग बदलायला सांगितलं.

अशाच एका फोनवर तो म्हणाला होता, बाबा, कधीतरी या माझ्यासोबत पाण्यात. सहज म्हणाला. पण आमचे चिरंजीव सहज काही बोलणाऱ्यांतले नव्हेत.

अर्थात मी त्याच्यासाठी शिकलो असं नाही. मला समुद्राची आवड आहेच. होती. असणार.

८ फेब्रुवारी, शनिवार.

दाढी केली. दुसऱ्या पलंगाची चादर झटकली. बोटीच्या धक्क्यावर उभा राहिलो. एक बोट आली, ती दुसऱ्यांची.

दुपारी फोन. जेवलात का? हो, तू? हो. मग म्हणाला, बाबा, एक सांगायचं होतं. मी म्हटलं, सांग. पंखा ऐकू आला. बेअरिंग बदललेलं नाही. मग म्हणाला, सोमवारी येतो, एकच दिवस, पण नक्की. म्हटलं, हेच ना सांगायचं होतं? म्हणाला, हो, हेच.

सोमवारच योग्य. शनिवारी गर्दी असते.

खाली नर्सबाई भेटल्या. पंपवाले, बडी आला का? म्हटलं, सोमवारी. म्हणाल्या, अहो, आज त्या बुडालेल्या होडीवर जातोय, जागा आहे, पाणी काचेसारखं आहे, चला आता, फार मुहूर्त बघू नका. मनात आलं नाही असं नाही. पण होडी एकदा पाहून ठेवली की मग चिरंजीवांसोबत पहिल्यांदा कशी पाहणार? कान जरा दुखतोय असं सांगितलं. म्हणाल्या, कुठला, बघू? म्हटलं, आता थांबला.

बोटीत गेलो. चपला.

९ फेब्रुवारी, रविवार.

विशेष काही नाही. खुर्चीची तपासणी दोनदा केली. दुसऱ्या वेळी खुर्चीशी थोडं बोललो. सरावासाठी.

१० फेब्रुवारी, सोमवार. रात्री झोपण्याआधी.

आला!

वाळलाय. खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात ऑफिसचे बूट. वाकून नमस्कार केला, मी पाठीवर थाप मारली, ती बॅगेवर पडली. जेवलास का? हो, तुम्ही? हो.

वेळ न घालवता मी जॅकेट काढलं. म्हटलं, चल, आधी तपासणी, बघ बापाला काय काय येतं. त्याच्या अंगात जॅकेट चढवलं. हवा ठीक. पट्टे ठीक. बकलं ठीक. मास्क लावायला गेलो तर त्याने माझा हात धरला.

म्हणाला, बाबा, मी डाइव्हिंग सोडलंय. गेल्या वर्षी सर्दीत उतरला होता, कानाचा पडदा फाटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. फोनवरचा कासवाचा फोटो जुना.

मी विचारलं, कोणता कान? म्हणाला, डावा. त्या वेळी तुझ्याजवळ कोण होतं? म्हणाला, मित्र होता एक. मग म्हणाला, रोज ठरवायचो सांगायचं, आणि तुम्ही पोहायला लागल्याचं सांगायचात, मग सर्टिफिकेटचं, मग तिकिटाचं. बाबा, तुम्ही इतकं कधी बोलला नव्हतात हो. म्हटलं, तुम्हाला बोलू द्यावं.

मी पुन्हा पट्टे तपासले. हातांना दुसरं काही काम नव्हतं. बकलं एकदम ठीक होती.

मग तोच म्हणाला, तुम्ही मात्र उतरायचं, मी बोटीत बसतो. खाली जाऊन नर्सबाईंना त्यानेच विचारलं, बाबांच्या बडी व्हाल का? त्या म्हणाल्या, अहो, मी कधीची तयार आहे, तुमचे वडीलच नवरदेवासारखे अडून बसलेत.

बोटीत चिरंजीवांनी माझी तपासणी केली. पट्टे ओढून बघितले, कॉलर सरळ केली. कॉलर तपासणीत येत नाही. मग मागे हात घालून हळूच म्हणाला, बाबा, सिलिंडर बंद आहे. उभा जन्म व्हॉल्व्ह उघडण्यात गेला आमचा! कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने तो उघडला. खुर्चीच्या सरावात व्हॉल्व्ह नव्हता, दोष सरावाचा.

नर्सबाई आणि मी मालकीणबाईंच्या मागे उतरलो. छान चाललं होतं. खाली निळं, गार, आणि आपल्याच श्वासाचा आवाज. नाक दाबून कान मोकळे केले, दोन्ही झाले. मग सहज वर पाहिलं. बोटीचं बूड दिसलं. एवढंसं. त्याच्यावर आपला मुलगा चपला सांभाळत बसलेला असेल, बोटवाला झोपलेला असेल.

तेवढ्यात कान दुखू लागला. भयंकर. पंजा हलवला, कानाकडे बोट दाखवलं. नर्सबाईंनी मास्कमधून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला वर आणलं. एकूण खोली म्हणाल तर खिडकीसमोरच्या पाण्याच्या टाकीइतकी. ही टाकी चांगली उंच आहे.

चिरंजीवांनी हात देऊन बोटीत ओढलं. काय झालं? कान. कुठला? डावा, म्हटलं. त्याने चपला जोडीने लावून ठेवल्या होत्या. मी सुकत बसलो, तो शेजारी. कुणी फार बोललं नाही, पंखाही नव्हता.

संध्याकाळी चहा पिताना त्याने विचारलं, बाबा, दुखतोय का अजून? म्हटलं, थोडासा, आणि हात लावून दाखवला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग चहा सांडेपर्यंत हसला. का हसला कोण जाणे. त्याचं हसणं अगदी हिच्यासारखं आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं.

आता दुसऱ्या पलंगावर झोपलाय. घोरतो. बरं वाटतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

सकाळच्या बोटीने गेला. नर्सबाईही त्याच बोटीने. जाताना म्हणाल्या, पंपवाले, पुढच्या वेळी दुखणारा कान आधी नक्की करून या. बाईंचा स्वभाव जरा खोचक आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार. शेवटचा दिवस.

पाणी काचेसारखं. वारा नाही. मालकीणबाई म्हणाल्या, होडीवर चाललोय, बडी कोण? म्हटलं, कुणी नाही. बोटीत गेलो. चपला आज कमी होत्या, लवकर लावून झाल्या.

संपूर्ण दौऱ्यात पूर्ण झालेले डाइव्ह: एकही नाही. अपूर्ण: एक. बेत मात्र निर्दोष होता.

खुर्चीवरून जॅकेट उतरवून परत केलं. खुर्ची उघडी उघडी दिसते. दुसऱ्या पलंगावर बॅग भरायला घेतली, मग उचलून माझ्याच पलंगावर ठेवली. तिसरा चहा घेतला. चौथाही.

आत्ता चिरंजीवांचा फोन आला. जेवलात का? हो, तू? हो.

मग नेहमीसारखं, दोघंही उभे. पंखा.

मी म्हटलं, बरं, कान कसाय?

तो म्हणाला, कुठला?