दुसरी बाजू ऐकायची राहिली

फरवानिया, कुवेत
१४ मार्च १९८१

सौ. सीता हिस आशीर्वाद. ते द्यायलाही आज हात जड झालाय.

मी बरा आहे. सुतारकाम चालू आहे, ड्राफ्ट पाठवलाय. आईचा गुडघा कसा आहे? बेबी शाळेत जाते ना?

शुक्रवारी खोलीत आम्ही तीन पत्ती खेळतो, हे तुला कधी लिहिलं नव्हतं. मी एकच दिनार घेऊन बसायचो. तो संपला की उठायचं, घरच्या पैशाला हात लावायचा नाही, हा माझा नेम. कधी चार शुक्रवार सगळं जायचं, कधी एका डावात सहा दिनार यायचे. पाच महिने नेम मोडला नाही.

काल दिनार संपला आणि नेमक्या तेव्हाच हातात तीन दश्श्या. पानं टाकवेनात. पैशाला हात नाही लावला, तुमच्यासाठी घेतलेला टू-इन-वन टेप डावावर लावला. खोलीतल्या महादेवाकडे तीन गुलाम निघाले.

तू बोलून पाठवलेली कॅसेट आतच राहिली. ती पुरावी म्हणून मी दर शुक्रवारी एकच बाजू ऐकणार होतो. काल दुसरीची पाळी होती, पण डावात बसलो.

आज सकाळी महादेवाने बटण दाबलं. तुझा आवाज आला, "अहो, एकटेच आहात ना?"

खोलीत आम्ही आठजण होतो. महादेवाने घाईने बंद केलं आणि कॅसेट काढून माझ्या उशीवर ठेवली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हे आईला वाचून दाखवू नकोस. महादेवाकडे टेप मागायला मला तोंड नाही. पुढे काय बोलली होतीस, तेवढं लिहून पाठव.

तुझा,
शत्रुघ्न