थॉमसिन गॅरडचं मृत्युपत्र

नॉर्विच, मंगळवार

प्रिय बाबा,

खोकला कमी झाला का? माझी काळजी नको, जेवण वेळेवर होतं.

आपल्या गॅरड घराण्याचं मूळ सापडलं. थॉमसिन गॅरड ही लोहाराची विधवा. तिचं १६३१ सालचं मृत्युपत्र आज इथल्या अभिलेखागारात मिळालं. जुनं अक्षर मला लागेना, म्हणून तिथल्या प्रिडमोरबाईंनीच वाचून दाखवलं: "चर्चच्या दारात सापडलेला अँब्रोज हा माझाच मुलगा. भट्टी आणि ऐरण त्याला. माझ्या पोटच्या मुलींपैकी जी त्याला परका म्हणेल, तिला चमचासुद्धा देऊ नका."

"बाई खमकी होती हो!" प्रिडमोरबाई हसल्या.

खरंच होती. लिहिता येत नव्हतं म्हणून सहीच्या जागी फुली आहे, पण कागद फाटेल इतक्या जोरात मारलेली! मी कितीतरी वेळ त्या फुलीकडेच बघत बसले.

आपण त्याच अँब्रोजचे वंशज, बाबा.

एडविनदादाने रूबीला दत्तक घेतलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिच्यात गॅरडांचं रक्त नाही." ते आपल्यातही नाही.

रविवारी जाल त्यांच्याकडे? रूबीला बागेतली सफरचंदं न्या. आणि गळ्याला मफलर गुंडाळा.

तुमचीच,
मॉड