माझ्या कथेत घुसवलेले रडणे काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
विज्ञानकथा प्रोत्साहन उपक्रम,
वर्धा.

अर्जदार : सौ. वर्षाली अंकुश चाफले, व्यवसाय भाजीपाला शेती, मु. पो. केळझर, ता. सेलू, जि. वर्धा.

विषय : ‘परग्रहावर एकटे’ या संग्रहातील माझी कथा पूर्ववत करण्याबाबत, अन्यथा संग्रहातून वगळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या समितीचे ‘किरकोळ भाषिक सुधारणा’ या मथळ्याचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करते की, निर्जन ग्रहावर अडकलेल्या माणसांच्या कथा आपण मागवल्या, म्हणून मी एक कथा पाठवली. ती निवडली गेली. त्यानंतर तिचे जे झाले, ते खालीलप्रमाणे.

१. प्रथम संग्रहातील इतर कथांविषयी. सर्व कथांचे नायक पुण्याचे अविवाहित इंजिनिअर आहेत. यान कोसळते, बाकीचे मरतात, याला फक्त कपाळावर खरचटते. दुसऱ्या पानावर पाणी सापडते, तिसऱ्यावर एका तारेने रेडिओ दुरुस्त होतो. एकही नायक भांडे घासत नाही. ग्रहावर हवा नाही, पण नायकाची दाढी रोज केलेली असते. या कथांना आपल्या समितीने ‘वास्तवदर्शी’ असा शेरा दिला. माझ्या कथेला ‘पटत नाही’ असा दिला.

२. माझी कथा कुठून आली ते कळवणे भाग आहे. सन २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई आनंदाबाई सकाळी एकट्या शेतावर चवळी तोडायला गेल्या होत्या. नदीला पूर आला आणि पाणी शेताच्या दोन्ही अंगांनी फिरले. मधला कडुनिंबाचा उंचवटा आणि त्यावरची तूर तेवढी वर राहिली. वय सत्तरीकडे झुकलेले, सोबत एक विळा. त्यांनी वाफ्यावरचे प्लॅस्टिक काढून फांद्यांना झोळीसारखे बांधले आणि पावसाचे पाणी धरले. काकड्या आणि चवळी खाल्ली. कोणाची तरी शेळी वाहत येऊन लागली, तिचे दूध प्यायले, रात्री तिलाच बिलगून झोपल्या. झाडावर सापही होता. त्याबद्दल विचारले तर म्हणाल्या, “तो त्याच्या फांदीवर, मी माह्या जागेवर.” त्यांच्यापाशी रेडिओ नव्हता, म्हणून दुरुस्त करता आला नाही, याबद्दल दिलगीर आहे.

३. दुसऱ्या दिवशी माझे पती अंकुश भोयांची नाव घेऊन शोधायला निघाले. धारेमुळे नाव जवळ जाईना. ते लांबूनच “माय, ओ माय” म्हणून हाका मारत राहिले. उत्तर आले नाही. घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले. गावातले लोक सांत्वनाला येऊन बसले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तेव्हा तुरीतून आवाज आला. आई जिवंत सापडली म्हणून त्यांनी गणपतीच्या देवळात पेढे वाटले.

४. खरी गोष्ट सासूबाईंनी मला पुढे महिन्याभराने, भाजी निवडताना सांगितली. पहिल्या खेपेची हाक त्यांना स्वच्छ ऐकू आली होती. त्या तुरीच्या मागे गप्प बसून राहिल्या. मी विचारले, “काऊन?” त्या म्हणाल्या, “जलमात पयल्यांदा मले कोनी काई मांगत नव्हतं. ना चहा, ना पानी. वाटलं, आजचा दिवस राहू दे.” मग दुसऱ्या खेपेला ओ का दिली? “त्याचा आवाज बसला होता व. बसलेल्या आवाजाले ओ नाई देऊ तं काय करू?”

मी लिहिते हे त्यांना ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, “लिहून टाक. पन केळझरातलं नको. दूर कुठंतरी ने मले.” मी त्यांना जमेल तितके दूर नेले. परग्रह मी हौसेने निवडला नव्हता, महोदय. पृथ्वीवर हे कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

५. आपल्या समितीने त्या म्हातारीच्या जागी अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आदित्य बसवले. शोधायला आलेले यान दिसूनही ती गप्प बसते, तो परिच्छेद गाळला. त्याजागी डॉ. आदित्य ‘ढसाढसा रडत वाळूवर कोसळले’ असे घातले. मी फोन केला असता एक सदस्य म्हणाले, “मॅडम, एकटं राहायला आवडणारं माणूस वाचकाला पटत नाही. त्यातून म्हातारी!” सदर सदस्यांच्या घरी त्यांना चहा कोण देते, हे विचारायचे राहून गेले.

६. प्रकाशनाच्या दिवशी आम्ही तिघे वर्ध्याला आलो. एका नटाने माझी कथा वाचली. रडण्याच्या जागी तो खरोखर रडला. तेव्हा सासूबाई भर सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी नाई रडली. अंकुश नावेतून बोंबलून राह्यला होता अन् मी गपचिप बसली होती.” आपण माइकवरून म्हणालात, “आजी, खाली बसा, कथा काल्पनिक आहे.” लोक हसले. माझे पती हसले नाहीत. त्यांना ते तिथेच, त्या खुर्चीत बसून कळले.

७. त्यानंतर दिवाळीपर्यंत ते आईशी बोलले नाहीत. मला एकदाच म्हणाले, “मी मेलो होतो त्या दिवशी, अन् माय आयकून राह्यली होती.” सासूबाईंनीही माफी मागितली नाही. एकाच घरात दोघे दोन ग्रहांवर जेवत होते, आणि मी मध्ये ताटे नेत होते. अखेर भाऊबीज झाल्यावर पतींनी त्याच कडुनिंबाखाली चढून बसायला बांबूची माच बांधली, वर टिन टाकले आणि आईला नेऊन दाखवले. “इथं येऊन बसत जा. कोनी काई मांगनार नाई. पन मी आवाज देला तं ओ देजो.” सासूबाई माचीवर चढून बसल्या आणि म्हणाल्या, “एक डाव देईन. घडीघडी नाई.” पतींना हसू आले. त्या दिवशी दोघे एकत्र जेवले.

८. सबब विनंती की, मूळ परिच्छेद जसाच्या तसा छापावा. आता आमच्या घरात लपवण्यासारखे काही उरलेले नाही, तेव्हा निदान खरे तरी छापावे. ते शक्य नसल्यास माझे नाव काढून कथा डॉ. आदित्य यांच्या नावे करावी आणि त्यांचे अश्रू त्यांना परत करावेत. ते आमच्या घरातले नाहीत.

९. कथेचे पुढील जाहीर वाचन केळझरलाच ठेवल्याचे समजते. सासूबाई पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांना खाली बसवण्याची व्यवस्था आपल्या स्तरावरून करावी. आम्हाला ती आजवर जमलेली नाही.

या अर्जापुरती आपली नम्र,
(सही)
सौ. वर्षाली अंकुश चाफले
केळझर, दि. १२ जानेवारी २०२५

सोबत : मूळ कथेची प्रत, संग्रहातील रडण्याचे पान.